अप्पासाहेबांचे कान

गाणं ऐकायला बसताना अप्पासाहेब आधी खुर्ची बाजूला सारायचे. अल्लीपूरजवळच्या आमच्या गावचे ते मालगुजार, शिवाय राजकारणी. पण खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा डफावरचा तमाशा, उभी राहिली की गडीमाणसांच्या रांगेत तरटावर मांडी घालून बसायचे. मालगुजारी गेली तेव्हा लोक हळहळायला आले, तर म्हणाले, "गावं नेले सरकारनं. कान तं माह्येच हायेत ना!"

मी शाळेचा हेडमास्तर, आणि फावल्या वेळात त्यांची भाषणं लिहिणारा. संक्रांतीनंतरच्या गंमतीची व्यवस्थाही माझ्याकडेच. शेजारच्या गावच्या संपत शाहिराला आणायला अप्पासाहेबांची स्वतःची बैलांची दमणी जायची. डफावर थाप पडण्याआधी ते आपल्या हातानं त्याला फेटा बांधायचे.

त्या वर्षी संपतनं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि निरोप धाडला, यंदा गणपतीचा गण म्हणणार नाही, बुद्धवंदनेनं सुरुवात करीन. गणाशिवाय गंमत गावाला कशी चालावी? त्यात अप्पासाहेब निवडणुकीला उभे. चार वजनदार माणसं माझ्याकडे येऊन कुरकुरली. अप्पासाहेब मात्र हसले. "देव त्याचा, गळा त्याचा. आपल्याले फक्त आयकाचं हाय, मास्तर. दमणी धाडजो."

मी दमणी धाडली नाही. ते निवडून आले असते तर माझंही घोडं गंगेत न्हालं असतं, हे आता कशाला लपवू? संपतला चिठ्ठी पाठवली, 'यंदा मालकांची इच्छा नाही.' अप्पासाहेबांना सांगितलं, "तो यायला तयार नाही."

संपतसाठी काढून ठेवलेला फेटा त्यांनी मांडीवर घेतला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "गणासाठी कोनीतरी टोचलं असन त्याले," ते म्हणाले. "म्याच जाऊन येतो त्याच्या घरी."

"निवडणूक होऊ द्या, मग दोघं जाऊ," मी म्हणालो. शिकलेल्या माणसाचा शब्द ते मानत, म्हणून थांबले.

निवडणूक हरले, ते हसतहसत. संपतकडे जायचा दिवसही ठरला होता. त्याच्या आदल्या सकाळी हृदय बंद पडून ते गेले.

अंत्ययात्रेला पंचक्रोशी लोटली. संपत भर उन्हात पायी आला होता. तिरडीजवळ न जाता त्यानं मला बाजूला घेतलं. "मास्तर, एक सांगा जी. मालकानं मले काऊन टाकलं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. अप्पासाहेब दहा पावलांवर होते आणि मला खोटं पाडायला उठणार नव्हते.

"निवडणूक होती ना," मी म्हणालो.

"वाटलंच मले," संपत म्हणाला. हातातली फुलं त्यानं कुंपणापाशी ठेवली आणि तो आल्या वाटेनं परत गेला.