फोटोतला अंगठा

"सिस्टर, हा हात काढून टाका."

सरांनी, म्हणजे आमच्या विभागाच्या मुख्य डॉक्टरांनी, पेनाच्या टोकानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर टकटक केलं. पडद्यावर माझ्या एका पेशंटची, पास्कल अंकलची, टाच होती. मधुमेहानं चिघळलेली. जखमेशेजारी कागदी मोजपट्टी आणि ती पट्टी धरलेला माझा डावा हात.

"जर्नलला जखम बघायची आहे. तुमचा हात नाही."

शेजारच्या खुर्चीत डॉक्टर मिहिका बसली होती. सरांची भाची. ती म्हणाली, "आणि ग्लोव्ह तरी मापाचा घालायचा ना, सिस्टर. बघा कसा लोंबतोय."

दोघं हसले. मी उभी होते. केबिनमध्ये तिसरी खुर्ची होती, पण तिच्यावर सरांची बॅग बसली होती.

ग्लोव्ह लोंबत होता हे खरं. आमच्या स्टोअरमध्ये ग्लोव्ह एकाच मापाचे येतात. मोठ्या. सर्जनच्या पंजाला बसतील असे. माझ्या हाताला ते ढगळ होतात आणि बोटांच्या टोकाला रिकामं रबर लोंबतं. लहान माप मागितलं की स्टोअरवाला म्हणतो, "बघू." वर्षानुवर्षं बघतोच आहे.

निघताना मी धीर करून विचारलं, "सर, लेखकांच्या नावात माझं..."

"बघू," सर म्हणाले.

घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी ड्रेसिंग रूम सांभाळत होते. एम.एस्सी. नर्सिंग, आणि तेही जखमांचाच विषय घेऊन. हे मुद्दाम सांगते, कारण केबिनमध्ये ते कुणी कधी उच्चारलं नाही. तिथं मी ड्रेसिंगवाली सिस्टर. कामावर रुजू झाले त्या दिवशी सरांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. सर म्हणाले, "अच्छा." तो 'अच्छा' आमच्या वस्तीत जन्मलेल्या पोरासोरांनाही कळतो. आमची अख्खी जात त्या एका शब्दात मावते. सरांनी मला कधी अरेतुरे केलं नाही. अपमानही अहोजाहो घालूनच करायचे, त्यामुळे उलटून बोलायला जागाच राहायची नाही.

माझी आई चेंबूरच्या एका नर्सिंग होममध्ये आया होती. पगाराच्या दिवशी अंगठा लावायची. घरी आली की मोरीत बसून राखेनं अंगठा घासायची. शाई निघायची नाही. मला म्हणायची, "तू सही कर गं बाय. झोकात कर. डॉक्टरांवानी." मी शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर सह्या गिरवायचे. कशावर करायच्या ते माहीत नव्हतं, पण गिरवायचे.

आता पेपरची गोष्ट. म्हणजे संशोधनाचा लेख, जो जर्नलला पाठवतात. तो सुचला कसा, तेही सांगते.

पायाला जखमा झालेले पेशंट आमच्याकडे पट्टी बदलायला यायचे. मध्ये घरी बदलायची असायची. परत यायचे तेव्हा पट्टी ओली, मळकी, वास मारणारी. सर ओरडायचे, "तुम्हा लोकांना घरी साधी स्वच्छता जमत नाही?" पेशंट खाली मान घालून बसायचे. मला राग यायचा. कारण मी देवनारला वाढलेय. नळ आला की आमचं घर उठतं आणि नळ गेला की ड्रमातलं पाणी पुरवून पुरवून वापरायचं. वाहत्या पाण्याखाली हात धुवायला मिळतात ते फक्त नळाच्या वेळेला. आणि आमच्या चार्टवर काय, तर सकाळी दहाला ड्रेसिंग. दहाला कुणाकडे पाणी असतं? मी ते दहा खोडलं. प्रत्येक पेशंटला विचारायला लागले, "तुमच्याकडे नळ कधी येतो?" त्या वेळेला ड्रेसिंग. पाणी उकळून गार करून ठेवायचं. घरातल्या एका माणसाला माझ्यासमोर बसवून त्याच्या हातून करून घ्यायचं. एवढंच. पट्ट्या कोरड्या यायला लागल्या. जखमा भरू लागल्या. वरवर नाही, तळापासून.

मी सरांना म्हटलं, यावर पेपर लिहायचा आहे, जखमांवरच्या जर्नलला पाठवायचा आहे. सरांनी मोबाइलमधून मान वर काढली नाही. म्हणाले, "लिहा, बघू." मी तो होकार समजले. एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीकडे, अर्ज करायचा तर आमच्याकडे तो डॉक्टरच्याच नावानं जातो, म्हणून अर्जावर सरांचं नाव आलं. मला वाटलं, रीत आहे.

मग सुरू झाली माझी हमाली. जर्नलच्या सूचना वाचूनच अर्धा जीव गेला. लेखकांच्या नावांचं पान वेगळं. मूळ मजकूर वेगळा, त्यात लेखक कोण याचा वाससुद्धा यायला नको, कारण तपासणाऱ्याला ते कळता कामा नये. तक्ते शेवटी. फोटो आणखी वेगळे, ठरावीक आकाराचे. संदर्भांमध्ये स्वल्पविराम इथे, पूर्णविराम तिथे, आणि एक चुकला तरी सगळं परत. मी महापालिकेच्या मराठी शाळेतली. इंग्रजीत एक वाक्य लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं. वॉर्डातला कॉम्प्युटर रिकामा मिळाला तर नशीब. मिळाला की जर्नलचं ऑनलाइन पोर्टल मध्येच बाहेर फेकायचं. भरलेलं सगळं गायब. परत पहिल्यापासून. डोक्याची नुसती वाट लागायची. एकदा तर मी कीबोर्डवर डोकं टेकून रडले. दुःखानं नाही, संतापानं.

पण लिहिला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मी लिहिला. नळाच्या वेळेला मी साधा 'टॅप टाइम' असा शब्द ठेवला होता. मिहिकानं तो खोडून तिथं लांबलचक इंग्रजी शब्दांची माळ घातली. तिचं या पेपरमधलं काम तेवढंच. नंतर वाचताना मलाच कळेना की हे नळाबद्दल आहे.

तर त्या दिवशी केबिनमधून बाहेर आले आणि फोटोंमधला हात कापत बसले. माझाच. एकेक फोटो उघडायचा. आधी मनगट गेलं, मग तळवा, मग बोटं. अंगठा मागायची या लोकांची खोड जुनीच, पण माझ्याकडून तो मलाच कापायला लावला होता. एका फोटोत अंगठा जखमेला इतका लागून होता, की तो कापला तर जखमेची कडही गेली असती. तो राहिला. म्हणजे टोक तेवढं राहिलं, लोंबत्या रबरासकट.

त्याच आठवड्यात पास्कल अंकल ड्रेसिंगला आले. चेंबूरच्या जुन्या गावठाणातले. त्यांची बायको नळाच्या वेळेला त्यांचं ड्रेसिंग करते, माझ्यापेक्षा मन लावून. फोटो छापायची परवानगी त्यांनी माझ्या शब्दावर दिली होती. टेबलावर पाय ठेवून म्हणाले, "काय गो सिस्टर, माजा पाय छापून आला काय?"

"अजून नाही, अंकल."

"तुजा नाव येल नं त्याच्यान?"

"सर म्हणाले, बघू."

अंकल हसले. "बघू म्हंजे नाय गो बाय. आमच्या गटाराला दर नगरसेवक बघूच सांगते."

मी पट्टी गुंडाळत होते. हात तिथंच थांबला. अख्ख्या मुंबईत ज्याचा अर्थ सगळ्यांना माहीत, तो शब्द मी होकार म्हणून उराशी धरून बसले होते. स्टोअरवाल्याचं 'बघू' मला कळत होतं. सरांचं कळलं नाही. कारण कळून घ्यायचं नव्हतं. स्वतःचाच असा राग आला, की विचारू नका.

मग पेपर पाठवायचा दिवस आला. पोर्टलचं काम त्या दोघांनाही येत नव्हतं, म्हणून मला बोलावलं. त्या दिवशी तिसऱ्या खुर्चीवरची बॅग खाली ठेवली गेली. टाइप करायला माणसाला बसावं लागतं.

मिहिका नावं सांगत होती, मी भरत होते. पहिलं सरांचं. दुसरं तिचं, तिला पुढच्या शिक्षणासाठी परदेशात अर्ज करायचा होता. तिसरं अंधेरीच्या एका सर्जनचं, सरांचे मित्र. आमच्या ड्रेसिंग रूमचं दार कुठल्या बाजूला उघडतं हेही त्यांना माहीत नसेल.

"झालं," मिहिका म्हणाली.

"आणि मी?"

"तुम्ही आभारात आहात की," सर म्हणाले. "ड्रेसिंगमध्ये मदत केल्याबद्दल."

मिहिकानं एक कागद माझ्यापुढे सरकवला. ज्याचे आभार मानायचे त्याची लेखी संमती लागते, असा जर्नलचा नियम. म्हणजे माझे आभार मानायलाही माझीच सही हवी होती.

मी म्हटलं, "सर, पद्धत माझी आहे. पेपर मी लिहिलाय."

सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "सिस्टर, विचार आमचा, हात तुमचे. म्हणून तर आभार मानतोय ना."

हात माझे. तेही कापायला लावून झाले होते.

मी कागदाकडे बघत राहिले. आई आठवली. तिला कागद वाचता येत नव्हता, म्हणून ती अंगठा लावायची. मला वाचता येत होता. वाचून, समजून वर सही केली असती, तर तिचं राखेनं घासणं सगळं पाण्यात गेलं असतं. झोकदार सही गिरवली होती ती यासाठी नव्हे.

"मी सही करणार नाही."

"मग आभारातूनही नाव जाईल."

"जाऊ दे."

सरांनी श्वास सोडला. "बरं. ती शेवटची खूण करा, सबमिट दाबा आणि जा तुम्ही."

पडद्यावर एक चौकट होती. ज्यांनी ज्यांनी या संशोधनात विचारानं आणि लेखनानं भाग घेतला, त्या सर्वांची नावं लेखक म्हणून दिली आहेत, अशा अर्थाचं वाक्य. पुढे बरोबरची खूण करायची होती. माझ्या हातानं.

"ही खूण मी करणार नाही. हे खोटं आहे."

"तू समजतेस कोण स्वतःला?"

सरांचं अहोजाहो गळून पडलं. खरं सांगते, मला मोकळं वाटलं. आता बोलायला जागा झाली होती.

"मी या पेपरची लेखक आहे," मी म्हटलं. उठले. बॅग उचलून परत खुर्चीवर ठेवली आणि बाहेर आले. जिन्यात कठडा धरून उभी राहिले.

खूण मिहिकानं केली. पेपर गेला. लगेच माझी बदली झाली, ड्रेसिंग रूममधून पुरुषांच्या वॉर्डात. कागदावर लिहिलं होतं, 'कामाच्या सोयीसाठी'. बरोबरच्या मैत्रिणी म्हणाल्या, "जाऊ दे ना यार. नोकरी सांभाळ. कशाला लफड्यात पडतेस?" त्या वाईट नाहीत. घाबरलेल्या आहेत.

काही महिन्यांनी पेपर छापून आला. माझी वाक्यं, माझा नळ, माझे पेशंट. नावं त्यांची. मी पानं सरकवत फोटोंपाशी आले. टाचेच्या कडेला, अगदी कोपऱ्यात, अंगठ्याचं लोंबतं टोक.

पास्कल अंकलना मोबाइलवर दाखवलं. पाय त्यांचा होता, त्यांचा हक्क होता. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "ह्यो अंगठा तुजाच. मी वलखतो."

अंकल प्रेमानं म्हणाले होते. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं जन्मभर अंगठा लावला. मी इतकं शिकले. आणि शेवटी माझं छापून काय आलं? अंगठाच. तोसुद्धा चुकून राहिलेला. नको मला ही ओळख. अंगठा ओळखणारी माणसं आम्हाला पिढ्यानपिढ्या भेटली आहेत. नाव छापणारं कुणी भेटलेलं नाही.

मी जर्नलच्या संपादकांना लिहिलं. कुणी काय केलं ते सरळ लिहिलं. उत्तर फार सभ्य होतं. आम्ही हा विषय गांभीर्यानं घेत आहोत, पत्रव्यवहार पाहणाऱ्या लेखकाशी चर्चा करू. पत्रव्यवहार पाहणारा लेखक म्हणजे सर. इंग्रजीतलं 'बघू' मला तेव्हा समजलं. ते फक्त जास्त लांब असतं.

मी परत लिहिलंय. उत्तर येईपर्यंत लिहीत राहणार.

पुरुषांच्या वॉर्डातही जखमा आहेत. पडून पडून पाठीला झालेल्या. त्यांच्यावर मी नवं काम सुरू करणार आहे. कमिटीकडे अर्ज केला, प्रमुख संशोधक म्हणून माझं नाव घातलं, पूर्ण, आडनावासकट. ज्याला 'अच्छा' म्हणायचं त्यानं म्हणावं. अर्ज परत आला, वर शेरा, 'डॉक्टरचे नाव टाकावे.' मी एक अक्षर न बदलता तो पुन्हा दिला. पुन्हा परत येईल. पुन्हा देईन. हॉस्पिटलातून काढलं तर बाहेरून देईन.

ग्लोव्ह अजून मोठ्याच मापाचे येतात. फोटो काढायचा तर मोजपट्टी मी डाव्या हातानंच धरते. अंगठ्याचं टोक लोंबतं, फोटोत येतं. ते आता मी कापत नाही. छापायचा तर हातासकट छापा, आणि त्या हाताचं नाव वर लिहा. नाहीतर जखमही देणार नाही.