नागोजीरावांचं वाकडं अंगण

पद्मावतीबाईंचा डोसा तव्याला चिकटला, असं बेंगळूरजवळच्या आनेकलमधल्या त्यांच्या गल्लीत कुणी सांगितलं असतं, तर ऐकणाऱ्याने आधी सांगणाऱ्याचीच तब्येत विचारली असती. तिथल्या एका जुन्या मराठी घरात सून म्हणून आल्यापासून बाई डोसे घालत होत्या. सणावाराला शेजारच्या कानडी बायकासुद्धा पिठाचं पातेलं घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "पद्माक्का, स्वल्प बघा हं, आंबलंय का नीट?" आपल्या हाताचा बाईंना गर्व होता. तो त्यांनी कधी लपवला नाही, आणि लपवायचं कारणही नव्हतं.

गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जरा तिरकं जुळलं. बिडाचा जुना तवा काही आता उचलवेना. म्हणून बेंगळूरच्या शिवाजीनगरला बहिणीकडे गेल्या असताना त्यांनी नागोजीरावांच्या भांड्यांच्या दुकानातून हलका नॉन-स्टिक तवा घेतला. दुकानदार आपल्या बोलीतला, "या अक्का, बसा अक्का" करणारा. तवाही दिसायला चकचकीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला डोसा मध्ये कच्चा राहिला आणि कडेला करपला. उलथनं घातलं तर त्याच्या चिंध्या झाल्या. दुसरा तसाच, तिसरा त्याहून वाईट. बाईंनी पीठ सैल केलं, घट्ट केलं, आच कमी केली, तव्यावर कांदा चोळला. काही उपयोग झाला नाही. त्यांचे यजमान वादिराज म्हणजे चटणीत मीठ कमी पडलं तरी भाषण देणारा माणूस. त्यांनी त्या चिंध्या मुकाट्याने खाल्ल्या, आणि बाईंच्या काळजात चर्र झालं. नवरा बोलला असता तर परवडलं असतं.

सून सिद्धी पुण्याची, आयटीतली, मनाची चांगली. चार दिवस हेच चाललेलं बघून ती म्हणाली, "आई, आपण नाश्ता बाहेरून मागवत जाऊ ना. तुम्ही किती स्ट्रेस घेता! रिलॅक्स व्हा आता."

ती मायेनेच बोलली होती. पण त्या मायेने बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. हात गेला, असं त्यांच्या मनाने घेतलं. आता आपण या घरात बसून खाणारं माणूस. देवाला फुलं वाहतानाही त्यांची नजर त्या तिरक्या मनगटावर जायची. खरं सांगायचं तर बाई घाबरल्या होत्या. तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता, की इतक्या वर्षांचा हात एका पडण्याने जाईल कसा? शेवटी त्यांनी तवा पिशवीत घातला आणि बस धरली. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, तेव्हा नवऱ्याला विचारायचाही प्रश्न नव्हता.

नागोजीरावांनी तवा हातात न घेताच बिलावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असं तिथे छापलेलं होतं.

"आणि वापरलेला माल मी कसा परत घेऊ हो, अक्का?" ते म्हणाले. "स्वल्प सांभाळून घ्या."

"वापरल्याशिवाय खोटा आहे हे कळणार कसं?" बाईंनी विचारलं.

नागोजीरावांची नजर त्यांच्या मनगटावर गेली. ते हसले. "राग मानू नका, अक्का. आपल्यात म्हणतात ना, नाचता येईना, अंगण वाकडं!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. बाईंचे कान तापले. तवा पिशवीत टाकून त्या बाहेर पडल्या आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडल्या.

घरी हे ऐकून सिद्धीच भडकली. "असं कसं बोलले ते? आई, बिलावर काहीही छापू दे. वस्तू डिफेक्टिव्ह असेल तर दुकानदाराला परत घ्यावीच लागते. बिलावर मुदत दिली नसेल तर तीस दिवसांच्या आत. नाही घेतली तर सरळ ग्राहक हेल्पलाइनला फोन. एकोणीस-पंधरा."

कायदा बाईंच्या चटकन ध्यानात आला. पण त्याहून जास्त लक्षात राहिला तो सुनेचा "असेल तर". त्या "तर"मध्येच तर त्यांचा जीव अडकला होता.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दुकानात हजर. शनिवार होता, दुकान भरलेलं. त्यांनी मुदत सांगितली, हेल्पलाइनचा नंबर सांगितला. नागोजीराव वैतागले. त्यांनी पिशवीतून तवा ओढून काढला आणि काचेच्या काउंटरवर आपटला. "कुठं आहे डिफेक्ट? दाखवा की! चांगला तर आहे!"

आणि तवा फिरायला लागला.

दांडीसकट, अगदी मजेत, स्वतःभोवती गरगर. बूड मध्ये फुगलेलं, त्यामुळे कडा काचेला टेकतच नव्हत्या. बूड खाली फुगलं म्हणजे वरून खड्डा. पीठ मध्ये साचणार, मध्ये कच्चं राहणार आणि कडेला करपणार. बाईंना एका क्षणात सगळं उमगलं. त्यांनी बोटाने तवा थांबवला, आणि मग आपल्या त्याच उजव्या हाताने त्याला पुन्हा एक गिरकी दिली. या वेळी सगळं दुकान बघत होतं.

"दुसरा काढा," त्या म्हणाल्या.

नागोजीराव हलेनात, तेव्हा एका गिऱ्हाइकानेच मांडणीवरून तवा काढून काचेवर ठेवला. तोही फिरला. तिसरा फिरला, चौथा फिरला. काउंटरभर तवे नाचत होते आणि शनिवारचं गिऱ्हाईक खो खो हसत होतं.

"काय नागोजीराव," बाई म्हणाल्या, "अंगण कुणाचं वाकडं?"

नागोजीरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "सरी अक्का, सरी, बरोबर आहे तुमचं," ते हळूच म्हणाले. "दुसरी कंपनी देतो. वर एक कढई माझ्याकडून."

"कढई नको. पैसे परत द्या. आणि हे सगळे तवे मांडणीवरून उतरवा. मी पैसे घेऊन गेले, की यातला एक तुम्ही उद्या दुसऱ्या बाईच्या गळ्यात माराल आणि तिच्या हाताला नावं ठेवाल. मनगट माझं वाकडं आहे, हात नाही!"

शेवटचं वाक्य जरा मोठ्याने निघालं, पण निघालं ते फार बरं झालं. पैसे मिळाले. तवे बाईंच्या डोळ्यांदेखत खोक्यात गेले. विजयी वीराला हत्तीवरून मिरवतात म्हणे. बाई आपल्या पायांनीच दुकानाबाहेर पडल्या, पण मान तशीच ताठ होती. आता एक चांगला जड बुडाचा तवा बघायचा, दोन्ही बाजूंना कान असलेला, म्हणजे दोन्ही हातांनी उचलता येईल, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

त्या बस स्टँडकडे वळणार तोच मागून कुणीतरी पदर धरला. दुकानातच असलेली एक मुलगी होती, गळ्यातलं मंगळसूत्र अजून नवं. ती कानडीतून चाचरत म्हणाली, "अक्का, हाच तवा माझ्याही घरी आहे. सासूबाई सगळ्यांना सांगतात, आईने हिला साधा डोसा शिकवला नाही. आणि मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"कधी घेतलास?"

"महिना व्हायचाय अजून."

"बिल आहे?"

मुलीने मान डोलावली. बाईंनी तिचा हात आपल्या उजव्या हातात घट्ट धरला आणि तिला घेऊन त्या परत फिरल्या. नागोजीरावांनी नुकताच कुठे चहाचा पेला तोंडाला लावला होता.