विहारातल्या न पेटवलेल्या मेणबत्त्या

जय भीम मंडळी. आज सकाळी वर्षभराने नाहूरच्या आमच्या विहारात गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, माझं हृदय आणि फुप्फुसं दोन्ही थकलीयेत. नाकात चोवीस तास ऑक्सिजनची नळी असते, बाहेर पडताना छोटा सिलिंडर सोबत. त्याच्याजवळ आग चालत नाही. म्हणून मेणबत्त्या-अगरबत्त्या लावतात तिथे मी जाणंच सोडलं होतं.

आज बघते तर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या मूर्तींसमोर नुसती फुलं. मेणबत्त्या तशाच ठेवलेल्या. मला रागच आला. माझ्या एकटीसाठी कोणीच मेणबत्ती लावायची नाही?

मला आग्रहाने घेऊन आलेली माझी मैत्रीण सुनंदा शेजारीच होती. मी येणार हे तिनेच सगळ्यांना कळवलं होतं. तिला म्हटलं, "पेटव गं, मी बाहेर बसते."

"गप बस. तू बाहेर बसलीस तर बुद्धवंदना सांगणार कोण?"

पूर्वी मीच सांगायचे. सुरू केली. दुसऱ्याच ओळीत धाप लागली, अर्ध्यात थांबले. वाटलं, बाकीचे पुढे म्हणतील, सगळ्यांना पाठ आहे. कोणीच म्हटलं नाही. चाळीसेक माणसं हात जोडून, अर्ध्या ओळीवर गप्प. मी श्वास घेऊन पुढचा शब्द उच्चारला, तेव्हा तेही म्हणाले. शेवटपर्यंत असंच चाललं.

घरी सगळे मला "थांब, दम खा" म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. आज पहिल्यांदा कोणी माझ्यासोबत थांबलं.

तुमच्या घरात असं धाप लागणारं माणूस असेल, तर त्याला थांब म्हणून तुम्ही कुठे जाता?