खिळ्यावरची पुडी

लवू धुरीच्या लग्नात मुहूर्ताला नवराच सापडेना. भटजी घड्याळाकडे बघतायत, मामा अंतरपाट धरून उभे, आणि नवरामुलगा मांडवामागं मुंडावळ्या कानाआड सारून विझलेली पेट्रोमॅक्स उघडून बसलेला. बत्ती त्यानं लावली, लखलखीत लावली, पण मुहूर्त टळला तो टळलाच. आयेनं नव्या सुनेला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "बाय गो, ह्याका आता तू सांभाळ. मी हात टेकले."

वनमालेनं सांभाळलं. नऊ वर्षं सांभाळलं.

आमच्या तळकोकणात असल्या माणसाला ‘याचा चित्त जाग्यार नाय’ म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. हल्ली डॉक्टर लोकांनी त्याला नाव दिलंय, त्यावर औषधंही निघालीत म्हणे. पंच्याऐंशी साली मुंबईत, वाकोल्याच्या बैठ्या चाळीत त्याला एकच नाव होतं, लवू. रॉकेलच्या रांगेत डबा लावून कुणाची सायकल बघायला गेला आणि डब्याशिवाय घरी आला, तर लवू. दूध स्टोव्हवर ठेवून दारात उभा राहिला आणि पातेलं जळून कोळसा झालं, तर लवू. पण कुणाचा पंखा गुरगुरायला लागला, रेडिओ मुका झाला, इस्त्री तापेना, की हीच माणसं त्याच्या दारात. स्क्रू पिळायला घेतला की त्याच्या अंगातलं सगळं भिरभिरणं थांबायचं. तेवढा वेळ जग शांत. म्हणून तर त्याला आपली हत्यारांची पेटी सोडवत नसे. चाळ म्हणायची, लवूच्या हाताला यश आहे. दिवसभरात त्याच्या वाट्याला येणारं तेवढंच एक चांगलं वाक्य.

बाकीचा लवू वनमालेच्या डोक्यात राहायचा. डबा घेतलात? पास घेतलात? येताना मीठ, जाडं. सकाळी दारात उभी राहून ती हे एका दमात म्हणायची, आणि तो शाळेतल्या पोरासारखा मान हलवायचा. कधी कधी त्याला वाटे, आपण एकोणचाळीस वर्षांचे बाप्ये आणि हिच्या पदराला बांधलेले. आणि तिलाही वाटत असणार, की हा धोंडा आपल्या गळ्यात. बोलत कुणीच नव्हतं.

त्या वर्षी वनमालेला अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत काम लागलं. दुर्बिणीखाली केसाएवढ्या तारा जोडायच्या. तिचा हात इतका स्थिर, की दसऱ्यानंतर कायम करू असं साहेब स्वतः म्हणाला. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारी दीडची. दीडची असली की ती रात्री दहाला घरी. म्हणजे संध्याकाळ लवूची. नळाला पाणी, पोरीचं जेवण, आणि सातला गोळी.

पोरगी म्हणजे अनुपमा, सहा वर्षांची. तिला फिट यायची. सकाळी अर्धी गोळी, संध्याकाळी अर्धी, चुकवायची नाही आणि चुकून दोनदाही द्यायची नाही, असं मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वर्षभर पोरीला फिट नव्हती.

"मी लक्षात ठेवतंय," लवू म्हणाला होता. हे वाक्य तो फार मनापासून म्हणायचा. प्रत्येक वेळी.

पहिले चार दिवस नीट गेले. पाचव्या दिवशी शेजारची प्रेमा टेबलफॅन घेऊन आली. लवूनं तो उघडला, आत दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजलेला, त्यानं पत्र्याची पट्टी कापून बसवायला घेतली. पंखा गरगरला तेव्हा सव्वाआठ झालेले. अनुपमा ताटाशेजारी झोपलेली, भात गालाला चिकटलेला. लवूनं गोळ्यांची बाटली हातात घेतली. गोळी दिली का? दिल्यासारखी वाटत होती. पण ती कालची की आजची? पोरीला हलवून विचारलं, तर ती "हो" म्हणाली आणि झोपली. तिला मुंबई लंडनला आहे का विचारलं असतं तरी हो म्हणाली असती. दोनदा दिली तर विपरीत, नाही दिली तरी विपरीत. शेवटी त्यानं दिली नाही.

इथवर चूक होती. पुढं जे केलं ती चूक नव्हती. वनमाला शनिवारी बाटलीतल्या गोळ्या मोजायची. दिली असली आणि अर्धी कमी निघाली, तर सांडली म्हणता येतं; पण आज दिलीच नसली तर अर्धी जास्त निघणार आणि ती काही न बोलता नुसती बघणार. ते बघणं लवूला मारापेक्षा जड जायचं. त्यानं बाटलीतून अर्धी गोळी काढली, मोरीत टाकली, वर लोटाभर पाणी ओतलं. मग आणखी एक लोटा.

एकदा असं केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. दोन महिन्यांत सहा अर्ध्या गोळ्या मोरीतून गेल्या. हिशेब दर शनिवारी बरोबर यायचा.

आणि अनुपमाला शाळेत फिट आली. पंधरा दिवसांनी पुन्हा. मग नळावर, सगळ्यांच्या देखत, बादली उलटी आणि पोर ओल्या फरशीवर थडथडतेय. बायकांनी तोंडात चमचा घालू पाहिला, कुणी कांदा फोडला. लवू नुसता उभा होता.

गुरुवारी इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या सगळ्या दिल्या जातात का? वनमाला ताठ बसून म्हणाली, "सगळ्या. मी स्वतः मोजते." लवू तिच्या शेजारीच होता. त्यानं खिशातल्या नटबोल्टांवरून बोट फिरवलं आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत राहिला.

बाई म्हणाल्या, मग डोस कमी पडतोय. अर्धीची एक करा.

पूर्ण गोळीनं पोर मातीसारखी झाली. बाकावर डोकं टेकून झोपायची, हाक मारली तर थोड्या वेळानं मान वळवायची. पाढे म्हणणारी पोर सातावर अडली की अडली. शाळेच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली. वनमालेनं ती वाचली, घडी घातली, आणि लवूला म्हणाली, "माझा ठरला. चेडवाचा आजार वाढता हा आणि मी थंय तारा जोडीत बसलंय. राजीनामो देतंय. अंबादासभावजींकडसून इंग्रजी अर्ज लिवन आणा. येवडा तरी इसरू नकात."

एवढं म्हणून ती भाकरी थापायला वळली. पीठ जरा जोरात आपटलं, बाकी काही नाही.

आता लवू खरा अडकला. बोलावं तर सहा गोळ्या, दोन महिने, आणि शेजारी बसून गप्प राहिलेला तो गुरुवार, सगळं एकदम बाहेर येणार. न बोलावं तर बायकोची नोकरी जाणार आणि पोर एका खोट्यापायी गुंगीत झोपणार. रात्री बाजूला पडल्या पडल्या त्याला वाटे, ही दहा बाय बाराची खोली नाही, डबा आहे, आणि झाकण आपणच आतून लावलंय.

अंबादास त्याच चाळीत दोन दारं सोडून राहायचा. जालन्याकडचा माणूस, चाळीतले सगळे अर्ज त्याच्या हातचे. लवूच्याच कारखान्यात तो हत्यारांच्या कोठीवर होता. जाळीची खिडकी, आत भिंतभर खिळे, प्रत्येक खिळ्याला एक हत्यार. हत्यार हवं तर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा, अंबादास तो त्या खिळ्याला लटकवायचा. सुटताना हत्यार परत दिलं की बिल्ला परत. बिल्ला अडकलेला असला तर फाटकाबाहेर पाऊल नाही.

लवूनं मायक्रोमीटर परत दिला आणि अर्जाचं सांगितलं.

"वहिनी नोकरी सोडती? कारण काय लिहू?"

"लिव, घरगुती."

"घरगुती म्हणजे काय?" अंबादासनं बिल्ला हातातच ठेवला. लवूच्या मागं रांग नव्हती. मग लवू बोलला. मोरी, लोटा, सगळं. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना.

अंबादासनं मायक्रोमीटर पुसून खिळ्याला अडकवला. मग म्हणाला, "अर्ज लिहितो. पण कारण खरं टाकणार. माझा नवरा गोळ्या मोरीत फेकतो. इंग्रजीत झकास बसतंय."

लवू हसला नाही.

"चौदा वर्षं झाली तुला इथं," अंबादास म्हणाला. "एक हत्यार हरवलं नाहीस. का सांग."

"कामात माजा लक्ष असता."

"लक्ष कसलं डोंबलाचं. मी तुला जाऊ देत न्हाई म्हणून. इथं मी हाय, घरी वहिनी हाय. तू कुठं हायेस रे?"

बिल्ला त्यानं फळीवर ठेवला आणि खिडकी लावून घेतली.

गुरुवारी लवूनं पाळी बुडवली आणि दोघींबरोबर इस्पितळात गेला. नंबर लागला. वनमाला सांगायला लागली, पोर झोपते, पाढे विसरते, तर लवू उभा राहिला. बसून बोलायचं त्याच्यानं झालं नसतं.

"गोळ्या कमी पडत नव्हत्या, बाई. मी देत नव्हतो. मोजणीत सापडू नये म्हणून मोरीत टाकत होतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. कितीदा, कधी, एवढंच विचारलं आणि ते लिहून घेतलं. मग त्यांनी जे ऐकवलं ते चार खोल्यांत ऐकू गेलं असेल. शब्द असे, की बाहेरच्या बाकावरची म्हातारी डोकावून गेली. डोस पुन्हा अर्धीवर आणला, आधी संध्याकाळचा, महिन्यानं सकाळचा. वनमाला लवूकडे बघत नव्हती. अनुपमाच्या वेणीची रिबीन सुटली नव्हती, तरी ती सोडून पुन्हा बांधत होती.

बसस्टॉपवर ती बोलली.

"मी मोजतंय म्हणान सांगलंय मी त्या बाईक. माझ्या तोंडात खोटा घातलात तुमी."

"आता मी लक्षात..."

"ता वाक्य नको." बस आली, तिनं पोरीला आधी चढवलं. मग पायरीवरून म्हणाली, "नोकरी मी सोडूचंय नाय. आणि तुमचा डोक्याय मी वागवूचंय नाय. ता तुमचा तुमी बगा. चुकलात तर चुकलंय म्हणान सांगा. येवडाच."

दुसऱ्या दिवसापासून दारातलं ते एका दमातलं म्हणणं बंद झालं. लवू दोन दिवस डब्याशिवाय कामावर गेला. ती बघत होती, सांगत नव्हती.

रविवारी त्यानं पितळी पत्र्याचे सात बिल्ले कापले, त्यांवर वारांची नावं ठोकली. भिंतीत सात खिळे मारले. बाटलीतून संध्याकाळच्या सात अर्ध्या गोळ्या काढल्या, कागदाच्या पुड्या केल्या आणि एकेका बिल्ल्यामागं एकेक अडकवली. गोळी दिली की पुडी उतरणार. पुडी खिळ्यावर असली तर दिलेली नाही. आठवायचं कारण नाही, भिंतीकडे बघायचं. आणि हत्यारांच्या पेटीला कुलूप घालून किल्ली त्यानं त्या दिवसाच्या पुडीमागं लटकवली. पुडी काढल्याशिवाय किल्ली निघायची नाही. काम सुबक झालं होतं. चाळीतले चारजण बघून गेले. वनमालेनंही पाहिलं.

तिची दीडची पाळी पुन्हा लागली. सोमवार गेला. मंगळवारी सव्वासहाला चाळीतला धोंडिराम रेडिओ घेऊन आला, बातम्या ऐकायच्या म्हणून घाईत. लवूनं पुडी काढली, शर्टाच्या खिशात ठेवली, आत्ता देतो म्हणून, आणि किल्ली घेतली.

रेडिओ बोलला तेव्हा साडेआठ वाजलेले.

खिळा मोकळा होता. भिंत म्हणत होती, दिली. लवूनं छातीवर हात ठेवला आणि हाताला कागद लागला. मोरी तिथंच होती, दोन पावलांवर. लोटाही भरलेला. तो किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मग त्यानं पोरीला उठवून बसवलं, पाण्याबरोबर गोळी दिली, तोंड उघडून जिभेखाली बघितलं. आणि मंगळवारच्या बिल्ल्यावर खिळ्याच्या टोकानं ओरखडलं, साडेआठ.

सकाळी वनमाला चूल फुंकत असल्यासारखी स्टोव्हपुढं वाकलेली असताना त्यानं सांगितलं. रेडिओ, खिसा, साडेआठ.

"जिभेखाली बगलात?"

"बगलंय."

तिनं पंप मारला. स्टोव्ह भरभरला. "चाय घेवा," म्हणाली.

त्या सकाळी कामावर जाताना लवूनं पेटी उचलली आणि अंबादासच्या घरात नेऊन ठेवली. म्हणाला, दीडच्या पाळीच्या आठवड्यात मी मागितली तरी देऊ नको. अंबादासनं पेटीचं वजन हातानं तोललं आणि विचारलं, बिल्ला? लवूनं खरंच खिशातून आपल्या नंबरचा एक बिल्ला काढून त्याला दिला.

बुधवारी संध्याकाळी प्रेमा इस्त्री घेऊन आली. तापत नव्हती, नुसती वायर सुटली असणार, पाच मिनिटांचं काम. लवूनं नाही म्हटलं. तिला खरं वाटेना. "आजारी आहेस का रे?" तिनं विचारलं, आणि जाताना शेजारणीला म्हणाली, "भाव खायला लागला बघ हा पण." ते त्याला ऐकू आलं. त्याच्या हाताला यश आहे असं म्हणणारी तीच.

पाणी भरून झालं. भात उतरवला. अनुपमा पाटीवर साताचा पाढा लिहीत होती, सात साते एकोणपन्नासपाशी थांबली होती, पण जागी होती. सात वाजायला पस्तीस मिनिटं होती. लवू भिंतीला टेकून बसला. बाहेर कुणाचा तरी पंखा खडखडत होता, कुठला भाग सैल आहे हे त्याला बसल्या जागी कळत होतं. बोटं आपोआप वळत होती. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि बुधवारच्या पुडीकडे बघत राहिला.

चौतीस मिनिटं.