मयताच्या बर्फावर अण्णा

आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, मातीला जायचा नाद होता. दिंद्रुडला आमचं किराणा दुकान. पंचक्रोशीत कुणी गेल्याचं कळलं की अण्णा शटर अर्धं खाली ओढायचे, टोपी झटकायचे आणि मला गाडी काढायला सांगायचे. आमच्याकडं सरण पेटलं की लोक खाली बसतात आणि बोलणारे चार शब्द बोलतात. अण्णांचे चार शब्द लवकर संपत नसत. गेलेला माणूस कितीही भांडखोर असो, अण्णांच्या तोंडून तो संत होऊनच निघायचा. आई म्हणायची, हे जित्या माणसाला कधी चांगलं म्हणत न्हाईत, सगळं साठवून ठेवतात.

अलीकडच्याच एका एप्रिलात तेलगावकडच्या वस्तीवरचा एक म्हातारा मेंढपाळ गेला. अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. आदल्या दिवशी भर दुपारी तो मेंढरं घेऊन माळावर होता. सांजेला घरी आला, निजला, तो सकाळी उठलाच नाही. वय झालतं, असं जो तो म्हणत होता. लेक पुण्याहून यायची म्हणून माती दुपारवर गेली. तोवर देह टिकावा म्हणून घरच्यांनी बर्फाच्या लाद्या आणल्या आणि म्हाताऱ्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, लाद्यांवरच निजवून स्मशानात आणलं. एवढ्या गर्दीत गार असा तो एकटाच होता.

सरण पेटलं. वरून ऊन, समोरून जाळ. आधीच्या बोलणाऱ्यांनी थोडक्यात आटपलं. मग अण्णा उठले. सुरुवात झकास झाली. पण थोड्या वेळानं त्यांनी समोर बसलेल्या माजी सरपंचांकडं हात केला आणि त्यांनाच श्रद्धांजली वाहायला लागले. असा दिलदार माणूस पुन्हा होणे नाही, वगैरे. सरपंचांनी आधी मागं वळून पाहिलं, मग हळूच स्वतःच्या छातीवर हात ठेवला. लोकांना वाटलं, अण्णा निवडणुकीचा राग काढतायत. मलाही हसू आवरेना. मग अण्णा म्हणाले, साखर संपलीय, उद्या या. आणि तिथंच कोसळले.

मी धावलो. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. कुणी म्हणालं, दुःख अनावर झालं. कुणी कांदा शोधायला लागलं. तेवढ्यात गेलेल्या म्हाताऱ्याचा मुलगा, नुकताच बापाला अग्नी दिलेला, गर्दी सारत आला. त्यानं अण्णांच्या कपाळाला हात लावला.

"काल आमचा बापबी असाच बरळत व्हता," तो म्हणाला. "आमाला वाटलं, थकलाय. गोधडी घालून निजवलं. ह्यान्ला उचला, ट्रॉलीत घाला."

दोन म्हातारे कुरकुरले. मयताच्या बर्फावर जिता माणूस घालत न्हाईत, म्हणाले. त्यांच्याकडं न बघता सरपंचांनीच अण्णांचे पाय धरले. ट्रॉली बाभळीखाली होती. उरलेल्या लाद्यांवर अण्णांना निजवलं, मानेला आणि काखेत बर्फाचे तुकडे लावले, उपरणं भिजवून अंगावर टाकलं आणि तसाच ट्रॅक्टर दवाखान्याच्या वाटेला लावला.

वाटेत अण्णांनी डोळे उघडले. खाली बर्फ, भोवती टोप्या काढलेली माणसं. त्यांनी हिशोब लावला.

"माझ्यावर कोण बोललं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

सरपंच म्हणाले, "बोलायचंय अजून. तुमी उठा आधी."

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की बर्फानंच काम केलं, उशीर झाला असता तर आणखी एक माती झाली असती. आईला हे कळलं तेव्हा ती आधी रडली आणि मग, कुणाच्या बर्फावर निजून आलात म्हणून अण्णांना एकाच दिवसात तीनदा अंघोळ घातली. अण्णांनीही पहिल्यांदाच न कुरकुरता घालून घेतली.

दहाव्याला मात्र अण्णा ऐकेनात. गेले. सकाळची वेळ होती, तरी आईनं डोक्याला ओलं उपरणं बांधून पाठवलं. लोक बेतानं बसले. सरपंच तर अण्णांच्या नजरेला येणार नाहीत असे कडेला बसले. पण अण्णा त्या दिवशी थोडकंच बोलले.

"तुमी म्हंता वय झालतं. वय माझंबी झालंय. त्याला वयानं न्हाई नेलं, उन्हानं नेलं. मलाबी नेत व्हतं."

म्हाताऱ्याचा मुलगा खाली मान घालून माती उकरत राहिला. नंतर अण्णा त्याच्याजवळ जाऊन बसले, पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ गप्प राहिले. अण्णांना इतका वेळ गप्प मी कधीच पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या भागात उन्हाळ्यातली माती सकाळी लवकर, नाहीतर दिवस कलल्यावर व्हायला लागली. आधी पाहुणे नाराज झाले, मग तेच विचारून वेळ ठरवायला लागले. म्हाताऱ्याचा मुलगा आता फटफटायच्या आत मेंढरं सोडतो आणि दुपारी लिंबाखाली बसून राहतो. परवा तो दुकानात मीठ घ्यायला आला. अण्णांनी वस्तीवरची ख्यालीखुशाली विचारली. औंदा लई तापलं, म्हणाला, म्हातारी मेंढरं काही गेली. माणूस कुणी न्हाई गेलं.

अण्णांनी त्याला बसवून घेतलं आणि चहा सांगितला.