पडतानाचे चेहरे

पार्कातल्या त्या पाण्याच्या राईडला पाटीवर चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते कोणाच्या बापाने कधी उच्चारलं नाही. सगळे नुसतं 'धबधबा' म्हणत. होडीत बसायचं, होडी साखळीवरून कुरकुरत वर चढणार, माथ्यावर जरा रेंगाळणार आणि मग धाडकन खाली! अर्ध्या उतारावर प्लास्टिकचं एक झाड होतं, त्याच्या ढोलीत कॅमेरा. होडी तिथून गेली की आपोआप फोटो निघायचा आणि बाहेर पडायच्या वाटेवर पत्र्याची एक खोली होती तिथल्या पडद्यावर यायचा. त्या खोलीत फोटोताई बसायच्या.

काम म्हणाल तर सोपं. हिरवं बटण दाबलं की फोटो राहतो, लाल दाबलं की पुसला जातो. रिकाम्या होड्यांचे पुसायचे, माणसांचे ठेवायचे, आणि ओलीचिंब मंडळी खिडकीशी आली की "कुठली होडी? पुढची की मागची?" असं विचारून छापून द्यायचे. दिवस गेलेले असताना ताई या नोकरीला लागल्या. तेव्हा पोटात असलेले चिरंजीव आता बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघतात. इतकी वर्षं तीच खोली नि तोच पडदा! दुसरं कोणी असतं तर कंटाळून पळून गेलं असतं. ताईंना मात्र कोणी असं म्हटलं की त्या डोळे मोठ्ठे करायच्या. "कंटाळा कसला हो? तुम्ही कधी पडणाऱ्या माणसाचा चेहरा पाहिलाय का?"

हे सगळं सगळ्यात जास्त वेळा कोणी ऐकलं असेल, तर ते दांडीवाल्यांनी. होडीत माणसं बसली की त्यांच्या मांडीवर लोखंडी दांडी लावायचं काम त्यांचं. नाव दांडीवाले, पण कामाला दांडी मारलेली कोणी पाहिली नाही. चहाच्या सुट्टीत ते ताईंच्या खोलीत येऊन टेकायचे.

"सांगा बरं, चार वर्षांचं पोर पडताना कुठे बघतं?"

"खाली. पाण्याकडे."

"छट्! आईकडे. आई घाबरलीय का ते आधी बघतं, आणि मग आपण रडायचं की हसायचं ते ठरवतं. एवढ्याशा वेळात हो! मी पाहते ना रोज."

सात-आठ वर्षांचं झालं की आईला विसरतं. हात वर, तोंड उघडं, पुढच्या पडलेल्या दातांची खिंड सगळ्या जगाला दाखवत सरळ समोर बघतं. अशा पोरांच्या चेहऱ्यावर जे असतं ना, ते पाहून ताईंचा हात बटणावर तसाच राहायचा. अकरा-बाराचं झालं की त्याला कॅमेऱ्याचा पत्ता लागतो. मग जीभ बाहेर काय, शेजारच्याच्या डोक्यामागे शिंगं काय, विचारू नका. आणि चौदा-पंधराची शहाणी मंडळी? चेहरा दगड. आम्हाला काही वाटत नाही बुवा, हे तर लहान मुलांचं. "पण तुम्ही त्यांचे हात बघा," ताई म्हणायच्या. "दांडी अशी आवळलेली असते की बोटं पांढरी पडतात!"

"आणि मोठी माणसं?" दांडीवाले मुद्दाम विचारायचे. उत्तर त्यांना पाठ होतं.

"आई-बाप ना? ते कुठेच बघत नाहीत. पाण्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे नाही. पोराकडे बघतात. स्वतः पडतायत, तरी नजर पोरावर. आणि एक हात त्याच्या छातीवर आडवा. अहो, लोखंडाची दांडी आहे तिथे, तुम्ही लावलेली! हात काय करणार? तरी जातोच." हे सांगताना ताईंचा आवाज दर वेळी खाली यायचा, देवळात बोलल्यासारखा.

वर्षातून एक दिवस कामगारांच्या घरच्यांना पार्क मोकळं असायचं. ताईंचे यजमान कुलपं दुरुस्त करायचे. त्या दिवशी दुकान बंद ठेवून ते मुलाला घेऊन यायचे. ताई मात्र खोलीतच, कारण त्या दिवशी फोटोंना सगळ्यात जास्त झुंबड. चिरंजीवांचा पहिला फोटो म्हणजे बापाच्या शर्टात खुपसलेलं तोंड आणि बाहेर राहिलेला एक कान. ताईंनी तो कान घरी कपाटाच्या दारावर लावला.

पोरगं सात वर्षांचं असताना त्याने विचारलं, "आई, आम्ही पडतो तेव्हा तू कुठे असतेस?"

"त्या झाडाच्या ढोलीत. तिथून बघते तुला."

झालं! तेव्हापासून हा मुलगा ना समोर बघे, ना पाण्याकडे. होडी सुटली रे सुटली की मान वळवून थेट ढोलीत बघायचा आणि हात हलवायचा. पडदा उजळायचा आणि त्यातून पोटचं पोर आपल्याकडेच बघून हसतंय! ताईंच्या अंगावर काटा यायचा. लाखो माणसं त्या ढोलीसमोरून पडली असतील, पण आत कोणीतरी आहे हे ठाऊक असलेलं हे एकच. दांडीवाले त्याला उतरूच द्यायचे नाहीत, "अजून एकदा" म्हणायच्या आत पुन्हा दांडी लावायचे.

मग चिरंजीव तेरा वर्षांचे झाले आणि शाळेच्या सहलीबरोबर आले. पडद्यावर चेहरा आला तो दगड. ढोलीकडे बघणं तर सोडाच, मान दुसरीकडे. ताईंना वाटलं, चालायचंच, वय आहे. थोड्या वेळाने पोरांचा घोळका खिडकीशी आला, त्यात हाही. मित्रांसमोर तो मान खाली घालून बुटाच्या नाडीकडे बघत उभा राहिला. ताईंना कळलं. त्यांनीही ओळख दाखवली नाही. आपल्याच मुलाला त्यांनी विचारलं, "कुठली होडी? पुढची की मागची?"

"पुढची," चिरंजीव म्हणाले. फोटो घेतला, आणि जाता जाता म्हणाले, "थँक यू, काकू."

काकू! ताईंनी ना घरी काही म्हटलं, ना दांडीवाल्यांना सांगितलं. पण तो शब्द काळजात रुतला तो रुतलाच. पुढच्या वर्षीपासून मुलाने यायचंच बंद केलं.

अशात बातमी आली की धबधबा पाडणार. त्या जागी उलटीपालटी करणारी काहीतरी नवी राईड येणार होती, आणि येत्या रविवारी धबधब्याचा शेवटचा दिवस. ऐकलं आणि ताईंच्या एकदम ध्यानात आलं की एवढ्या वर्षांत आपण एकदाही त्यात बसलेलो नाही. आधी वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर नंतर धीर नव्हता. इतके चेहरे पाहिल्यावर कोण बसायला धजेल? पण आता मात्र बसायचं होतं, एकदाच, आणि मुलाबरोबर.

"एकट्या बसा की," दांडीवाले म्हणाले. "मी लावतो दांडी."

"एकटीने काय पडायचं? बघायला कोणी नको?"

घरी त्यांनी विषय काढला. चिरंजीव ताटावरून मान वर न करता म्हणाले, "आई, प्लीज. मी काय लहान आहे का आता? आणि रविवारी आमची मॅच आहे."

"मी येतो," यजमान म्हणाले.

"तुमच्याबरोबर लग्नात पडले, तेवढं पुरे झालं," ताई म्हणाल्या आणि हसून भांडी आवरायला उठल्या. नळ बराच वेळ चालू होता.

रविवारी ही गर्दी! शेवटचा दिवस म्हणून फोटो फुकट होते, त्यामुळे खिडकीशी नुसती रेटारेटी. ताई सकाळी सारख्या रांगेकडे बघत होत्या. दुपारनंतर त्यांनी तेही सोडलं. हिरवं, लाल, हिरवं, हिरवं. ऊन कललं आणि खिडकीत पुन्हा सावल्या आल्या.

"कुठली होडी?" ताईंनी न बघताच विचारलं.

"अजून बसलो नाही."

ताईंनी वर पाहिलं. पोरांचा तोच घोळका, आता मिशा फुटलेला, मॅचच्या कपड्यांतच आलेला, आणि कोरडा. पुढे चिरंजीव. कान लालबुंद झालेले, पण आवाज मोठा. "आई, चल."

मागची पोरं पुढे सरकली. एकजण म्हणाला, "ही तुझी आई? म्हणजे त्या सहलीच्या वेळी..."

"हो," चिरंजीव म्हणाले. "तेव्हाही हीच होती. मी बोललो नाही." आणि मग आईकडे वळून, जरा चिडूनच, "चल ना! बंद होईल."

ताई खुर्चीतून उठल्या. खोली कोणावर सोडायची? दोन पोरं आपणहून आत शिरली. "हिरवं ठेवायचं, लाल पुसायचं," ताईंनी बजावलं, "आणि चुकून लाल दाबलंत, तर याद राखा!"

दांडीवाल्यांनी त्यांना होडीत पुढे बसवलं, दांडी लावली आणि उगाच दोनदा ओढून पाहिली. होडी कुरकुरत चढायला लागली. ताईंचं सगळं ठरलेलं होतं. हनुवटी वर, मान डावीकडे, ढोलीत बघून झकास हसायचं. चांगला फोटो कसा येतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? "तूही बघ हं ढोलीकडे," त्यांनी मुलाला सांगितलं.

माथ्यावर होडी रेंगाळली. केवढं होतं सगळं! पाळणे, झाडं, मुंग्यांसारखी माणसं, पार्कापलीकडची घरं, त्यापलीकडे टेकड्या, आणि खाली पत्र्याचा एक तुकडा. त्याखाली आपण इतकी वर्षं बसलो? इथून रोज एवढं सगळं दिसत होतं आणि आपल्याकडे यायचे ते फक्त चेहरे. "अगं बाई!" ताई म्हणाल्या, आणि होडी सुटली.

खिडकीशी परत आल्या तेव्हा त्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि आतली पोरं पोट धरून हसत होती. "काकू, तुमचा चेहराच नाही आला!"

पडद्यावर ताईंचा फक्त अंबाडा होता आणि एक कान. बाकी सगळं तोंड मुलाच्या शर्टात खुपसलेलं. ताईंना हसू आलं. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो ढोलीकडे बघत असेल, हात हलवत असेल, असं त्यांना वाटलं होतं. त्याने कॅमेऱ्याकडे बघितलंच नव्हतं. पाण्याकडेही नाही. पडता पडता तो आईकडे बघत होता. आणि त्याचा एक हात, लोखंडी दांडी असताना, तिच्यापुढे आडवा होता.

ताईंनी शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे वळून पाहिलं. तो केसांतलं पाणी झटकत मित्रांना काहीतरी सांगत होता. आपण काय केलं, याचा त्याला पत्ताही नव्हता.

"परत बसता का, काकू?" आतल्या पोराने विचारलं. "हा पुसतो, दुसरा चांगला काढू." त्याचं बोट लाल बटणाकडे गेलं.

"खबरदार!" ताई ओरडल्या. "हिरवं दाब."