दाखवायचा दात

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान घोड्यांचे दात काढतात. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नक्की काय करतात?" म्हणजे नक्की तेच करतात. पस्तीस वर्षं झाली. तबेल्यांमधून त्यांना 'कानस' म्हणतात, कारण घोड्याच्या दाढांना आलेली धार ते हातभर लांब कानशीने घासून काढतात. स्वतःला मात्र धार म्हणून नाही. कोणी डोळे वटारले की आमचे भावोजी गार. नजर अधू झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर टॉर्च धरायला मी जाते. एरवी मी वाचनालयात पुस्तकं देते-घेते, आणि तिथे कोणाच्या तोंडाला लागावं लागलं तरी तोंडात हात घालावा लागत नाही.

भावोजींचं निम्मं काम एका फालतू दातापायी चालतं. काही घोड्यांना दाढांच्या रांगेपुढे एक चिमुकला दात येतो. त्याला लांडगादात म्हणतात. त्याने चावता येत नाही की चघळता येत नाही. पण लगामाचा लोखंडी दांडा नेमका त्यावर आपटतो आणि जनावर मान झटकायला लागतं. भावोजी गुंगीचं औषध देऊन, हिरडी सोडवून तो मुळासकट उपटतात, आणि फार सफाईने उपटतात.

अडचण अशी की नाव लांडग्याचं आणि बाहेर येतो वाटाण्याएवढा दात. मालकाचा चेहरा पडतो. एकाने तर "उरलेला कुठंय?" असं विचारलं होतं. तेव्हापासून भावोजी खिशात मेलेल्या घोड्याची एक भक्कम दाढ बाळगतात. खरा दात गुपचूप बादलीत जातो आणि दाढ मालकाच्या तळहातावर. मालक खूश होऊन घरच्यांना हाका मारतो. धुवायच्या पँटीत ती दाढ सापडली की ताई कपाळावर हात मारून घेते.

"अहो, हा शुद्ध खोटेपणा आहे."

"खोटं कुठंय? खरंच आहे, फक्त जरा मोठ्या अक्षरात," भावोजी म्हणतात.

शहराच्या कडेला घोडेस्वारीची शाळा आहे. तिचे मालक म्हणजे साहेब. कसले साहेब ते कोणी विचारत नाही, कारण आवाजच तसा आहे. त्यांच्या ऑफिसात दारासमोर पाटी आहे: 'ढिला हात, ढिलं चारित्र्य.' भावोजींना सर्वांत जास्त काम याच शाळेतून मिळतं, त्यामुळे पाटीखालून जाताना ते मान लववतात. मला ती पाटी पाहिली की डोकं उठतं.

साहेबांच्या स्वारीची एक तांबडी घोडी होती. वर मांड टाकली की मान झटकायची, मागच्या पायांवर उभी राहायची. साहेबांनी तिला दोनदा शिक्षा केली, तीनदा उपाशी ठेवली आणि शेवटी आम्हाला बोलावलं. "लांडगादात असेल तर काढा. नसेल तर मंगळवारी ट्रकमध्ये चढवतो." तो ट्रक जनावरं घेऊन कुठे जातो हे तबेल्यात सगळ्यांना माहीत असतं, आणि परत येणारं जनावर अजून कोणी पाहिलेलं नाही.

जबडा उघडा ठेवायची चौकट बसवून भावोजींनी बोट फिरवलं. मी टॉर्च आत धरला. लांडगादात नव्हताच. होत्या त्या फाटलेल्या ओठांच्या कडा आणि दांड्याखाली काळीनिळी पडलेली जीभ. दुखणं घोडीच्या तोंडात होतं आणि त्याचं कारण साहेबांच्या मनगटात. हे मला, पुस्तकं देणाऱ्या बाईला, कळलं. भावोजींना कळलं नसेल?

"आहे का?" साहेब गरजले.

भावोजींनी बोट बाहेर काढून पुसलं. "आहे ना. चांगला मोठा आहे."

पुढचा अर्धा तास त्यांनी नसलेला दात काढला. तसा नसलेला दात काढायलाही कसब लागतं. मग खिशातली दाढ साहेबांच्या हातावर ठेवून त्यांनी पथ्य सांगितलं, "सहा आठवडे तोंडात लोखंड नाही. आणि वजनदार माणसाने बसायचं नाही, जखमेवर ताण येतो."

तोंडातल्या जखमेवर पाठीवरून ताण कसा येतो, हे साहेबांनी विचारलं नाही. शिस्तीची माणसं पथ्य ऐकतात. घोड्यांची देखभाल करणारा तिथला मोतद्दार म्हातारा होता आणि काटकुळा. अकरा वर्षं तिथे नोकरीला, पण तोंडातून 'जी साहेब' याशिवाय शब्द नाही. तोच नुसत्या दोरीवर घोडीला फिरवू लागला आणि घोडी लोण्यासारखी मऊ झाली. साहेबांनी दाढ काचेच्या पेटीत ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपलं निदान ऐकवायला लागले.

सहा आठवडे संपले, साहेब चढले, घोडी उभी राहिली. पुन्हा आम्हाला बोलावणं.

"दुसऱ्या बाजूलाही होता वाटतं," भावोजी पुटपुटले.

त्या रात्री ताईने त्यांना फैलावर घेतलं. "तुम्ही घोडी वाचवताय की गिऱ्हाईक?"

"दोन्ही," ते म्हणाले आणि जेवले नाहीत. मला राग आला होता आणि कीवही आली होती, कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही दुसरा दात काढला असता.

फजिती झाली ती या दुसऱ्या दातापायी. खिशातली दाढ तर पेटीत गेलेली. घाईत भावोजींनी जनावरांचे जुने दात ठेवायच्या घरच्या डब्यातून हाताला लागेल ती दाढ उचलली, आणि साहेबांनी ती पहिलीच्या शेजारी ठेवली. पुढे सरकारी पशुवैद्य बाई शाळा तपासायला आल्या. साहेबांनी शिकाऊ मुलांसमोर पेटी पुढे केली. बाईंनी चष्मा वर केला.

"ही घोड्याची आहे. दाढ आहे, लांडगादात नव्हे. आणि ही बैलाची."

आमची पेशी झाली ती रिंगणात, सगळ्यांसमोर. साहेब लाल झाले होते. "दात नव्हताच म्हणजे घोडीच नाठाळ! तुम्ही चालते व्हा, आणि उद्या ट्रक येईल."

मला वाटलं, भावोजी मान लववून निघतील. मी पिशवीसुद्धा उचलली होती. पण त्यांनी खुंटीवरचा लगाम काढला, बादलीत धुतला, लोखंडी दांडा स्वतःच्या तोंडात आडवा धरला आणि दोन्ही वाद्या खांद्यावरून मागे साहेबांकडे दिल्या.

"माझ्या मागे उभे राहा," ते दांड्याभोवतून बोबडे बोलले. "घोडी थांबवता तसा ओढा."

"वेडे झालात का?"

"ओढा. नाठाळ कोण ते कळेल."

इतक्या लोकांसमोर भित्रं ठरणं साहेबांना परवडणारं नव्हतं. त्यांनी एक हिसका दिला. भावोजी दोन पावलं मागे आले, गुडघ्यावर बसले आणि मातीत थुंकले. सुळ्यामागचा एक दात रक्तात पडला होता. तो आधीपासून थोडा हलत होता, हे मी कबूल करते. पण त्या घोडीपायी निघालेला तो एकुलता एक खरा दात. मी रडत होते आणि भावोजींना शिव्याही देत होते.

साहेब पांढरेफटक पडले होते. "मी... मी रोज इतकं जोरात ओढत नाही," ते म्हणाले.

मागून मोतद्दाराचा आवाज आला. तो मी तेव्हा पहिल्यांदाच नीट ऐकला.

"जी साहेब. आज तुम्ही फार हळू ओढलंत."

साहेबांनी हातांकडे पाहिलं. मग वाद्या मोतद्दाराकडे देऊन, ट्रकवाल्याला येऊ नको असं सांगायला ते स्वतः फोनकडे गेले.